इफुटबॉलमध्ये जिंकणारी टीम बांधायची तर सुरुवात डीएमएफपासून

नाशिकच्या सिडकोत राहणाऱ्या, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलाने टीमच्या स्क्रीनशॉटसकट प्रश्न पाठवलाय. थोडक्यात असा: "दादा, इफुटबॉल मोबाइलमध्ये माझी टीम स्ट्रेंग्थ ३१०० च्या वर आहे. अकरापैकी आठ एपिक (दुर्मिळ, वरच्या दर्जाची) खेळाडू-कार्डं. फॉर्मेशन ४-२-१-३, स्टाइल क्विक काउंटर. तरी डिव्हिजन ४ च्या वर सरकत नाही. पहिल्या हाफला बहुतेक वेळा पुढे असतो आणि ७० व्या मिनिटानंतर गोल खातो. अजून कॉइन (खेळातली विकतची नाणी) घेऊन कार्डांचे पॅक उघडू का? कॉलेज रोडचा एक जण चार हजारांत तयार अकाउंट देतोय, ते घेऊ का? दिवाळीनंतर कॉलेजची स्पर्धा आहे, तोवर टीम कशी बांधू?"

मी गंगापूर रोडच्या एका मैदानावर शाळेतल्या मुलांना फुटबॉल शिकवतो, आणि पीईएसचं (प्रो इव्होल्यूशन सॉकरचं) नाव २०२१ मध्ये इफुटबॉल झालं त्याच्या बऱ्याच आधीपासून कोनामीचा हा खेळ खेळतोय. कॉलेजच्या पोरांच्या टीमा लावून देणं हे आता जवळजवळ रोजचंच काम झालंय. तेव्हा आधी उत्तर सांगतो, कारणं मागून. कॉइन घेऊ नकोस. अकाउंट तर अजिबात घेऊ नकोस. तुझ्या टीमला एक अँकर मॅन, म्हणजे बचावफळीपुढची जागा न सोडणारा डीएमएफ (बचावात्मक मिडफिल्डर) हवा आहे, आणि तो जीपीमध्ये, म्हणजे खेळून मिळालेल्या पैशात येतो.

तुझा स्क्रीनशॉट मी नीट बघितला. दोन डीएमएफ आहेत, एक बॉक्स-टू-बॉक्स (दोन्हीकडच्या बॉक्सपर्यंत पळणारा) आणि एक ऑर्केस्ट्रेटर. दोन्ही फुलबॅक (कडेचे बचावपटू) ऑफेन्सिव्ह. एएमएफ (हल्ल्याचा मिडफिल्डर) होल प्लेअर, दोन्ही विंगर प्रॉलिफिक, पुढे गोल पोचर (गोलच्या संधीवर टपलेला स्ट्रायकर). सीबींपैकी (मधल्या बचावपटूंपैकी) एक एक्स्ट्रा फ्रंटमन. आता तुझा हल्ला चालू असताना कोण कुठे असतो ते मोज. गोल पोचर आणि दोन विंगर म्हणजे तीन. होल प्लेअर मागून बॉक्समध्ये घुसतो, चार. दोन्ही फुलबॅक वर चढलेले, सहा. बॉक्स-टू-बॉक्स त्यांच्या मागोमाग, सात. मागे राहिले दोन सीबी आणि एक ऑर्केस्ट्रेटर. त्यातला एक्स्ट्रा फ्रंटमन हा हल्ल्यात भाग घ्यायला पुढे जाणारा सीबी, म्हणजे त्याचाही भरवसा नाही. ऑर्केस्ट्रेटर हा चेंडू वाटणारा माणूस आहे, अडवणारा नाही. समोरच्याने एक पास कापला की तुझ्या गोलकीपरपर्यंत मोकळा रस्ता आहे. पहिल्या हाफला हे झाकलं जातं, कारण तुझी मुलं धावत परत येतात. ७० नंतर त्यांच्या पायात जीव नसतो, मग येत नाहीत. तू गोल खातोस ते इथे.

ही गोष्ट खऱ्या फुटबॉलमध्ये जगाने बघितली आहे. २००३ च्या उन्हाळ्यात रेआल माद्रिदने डेव्हिड बेकहॅमला आणलं आणि क्लोद माकेलेले या बचावात्मक मिडफिल्डरला चेल्सीला जाऊ दिलं. झिदान, रोनाल्डो, फिगो, राऊल, रोबेर्तो कार्लोस आधीच होते. त्या सीझनला माद्रिद ला लिगात शेवटच्या पाचही मॅच हरून चौथ्या नंबरवर गेली. तिकडे चेल्सीने माकेलेलेला बचावफळीच्या पुढ्यात उभं केलं आणि २००४-०५ मध्ये ३८ मॅचमध्ये फक्त १५ गोल खाऊन लीग जिंकली. चेल्सीच्या त्या यशाला बाकीही कारणं होती, पण माद्रिदला काय कमी पडलं याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तुझी टीम आज २००३-०४ ची माद्रिद आहे.

म्हणून मी टीम बांधताना दोन प्रश्न आधी विचारतो. चेंडू गेला की परत कोण आणणार? आणि गोल कोणत्या रस्त्याने होणार? याची उत्तरं ठरल्याशिवाय एकही कार्ड टीममध्ये घालायचं नाही. स्ट्रेंग्थचा आकडा खेळाडूंच्या आकड्यांवरून निघतो, ते एकमेकांच्या आड येतात की मदतीला हे त्यात कुठेच येत नाही.

गोलचा रस्ता ठरतो टीम प्लेस्टाइलवर, आणि प्लेस्टाइल ठरते मॅनेजरवर. पझेशन गेम, क्विक काउंटर, लाँग बॉल काउंटर, आउट वाइड, लाँग बॉल अशा पाच स्टाइल आहेत, आणि प्रत्येक मॅनेजरचं प्रत्येक स्टाइलमधलं प्रावीण्य वेगळं असतं. ते जितकं जास्त, तितके खेळाडू त्या स्टाइलमध्ये चांगले खेळतात. पोरं आधी खेळाडू जमवतात आणि शेवटी हाताला लागेल तो मॅनेजर लावतात. मी उलटं करतो. जीपी साठले की पहिला खर्च मॅनेजरवर. तो एकच माणूस अकराही जणांवर परिणाम करतो, तेवढं कोणतंही एपिक कार्ड करत नाही.

क्विक काउंटर वाईट नाही, मोबाइलवर तर फारच लोकप्रिय आहे. पण ती महाग स्टाइल आहे. चेंडू गेला की पुढचे लोक लगेच अंगावर धावून जातात आणि बचावाची लाइन वर राहते. त्यात स्टॅमिना जळतो. लाँग बॉल काउंटरमध्ये टीम खाली बसते, जागा बंद करते आणि चेंडू मिळाला की लांब पासने सुटते. लेस्टर सिटीने २०१५-१६ मध्ये साधं ४-४-२ लावून, चेंडू बहुतेक वेळ समोरच्याच्या पायात ठेवून, ८१ पॉइंटने प्रीमियर लीग जिंकली. मध्ये कांटे चेंडू हिसकावायचा आणि पुढे वार्डी पळायचा. तुझी सवय पुढे असताना सामना हातात धरून ठेवायची नाही असं दिसतं, तेव्हा माझा सल्ला असा: महिनाभर लाँग बॉल काउंटर खेळून बघ. तुझ्याकडे वेगवान विंगर आहेतच. क्विक काउंटर सोडायचीच नसेल तर निदान फुलबॅक तरी बदल.

आता एक बाब, जी बहुतेकांना माहीत असते आणि तरी टीम लावताना विसरली जाते. खेळाडूची प्लेइंग स्टाइल ठरावीक पोझिशनलाच लागू होते. गोल पोचर फक्त सीएफला (मधल्या स्ट्रायकरला). अँकर मॅन फक्त डीएमएफला. ऑर्केस्ट्रेटर डीएमएफ आणि सीएमएफला (मधल्या मिडफिल्डरला). डिस्ट्रॉयर सीबीला, डीएमएफला, सीएमएफला. तुझ्या बेंचवर जो दुसरा गोल पोचर आहे, त्याला तू दमलेल्या विंगरच्या जागी एलडब्ल्यूएफला (डाव्या विंगला) उतरवतोस असं तू लिहिलंयस. आकडा तिथेही चांगला दिसतो, पण तिथे तो गोल पोचर राहत नाही. बचावाच्या रेषेवरून मागे सटकायची त्याची धाव बंद होते आणि तो नुसता उभा राहतो. तीन आकड्यांनी कमी असलेला खरा विंगर तिथे जास्त काम करेल.

मागून पुढे येऊ. गोलकीपरवर फार विचार करू नकोस. उंच, लांब हातांचा, डिफेन्सिव्ह गोलकीपर घे आणि पुढे चल. दोन सीबींमध्ये एक डिस्ट्रॉयर, जो पुढे येऊन चेंडू हिसकावतो, आणि एक बिल्ड अप, जो मागे थांबून शांतपणे पास देतो. दोघेही डिस्ट्रॉयर ठेवले तर दोघेही एकाच वेळी पुढे धावतात आणि मधोमध खिंडार पडतं. एक्स्ट्रा फ्रंटमन काढ. तू कॉर्नरवर त्याने केलेले गोल सांगितलेस, ते खरे आहेत, पण त्याच्या मागे उघड्या पडलेल्या जागेतून खाल्लेले गोल कोणी मोजत नाही. सीबीचा वेग बघ, कारण मोबाइलवर बरेच हल्ले थ्रू बॉलवर, म्हणजे बचावाच्या मधून मागे सोडलेल्या पासवर येतात. इंटरसेप्शन आणि ब्लॉकर ही स्किल असतील तर ते कार्ड दोन-तीन आकड्यांनी खाली असलं तरी घे.

फुलबॅक एक चढणारा, एक थांबणारा. ज्या बाजूचा विंगर आत कट मारतो त्या बाजूचा फुलबॅक चढू दे, म्हणजे बाहेरची मोकळी जागा त्याला मिळते. दुसऱ्या बाजूला डिफेन्सिव्ह फुलबॅक. तसं कार्ड नसेल तर इंडिव्हिज्युअल इन्स्ट्रक्शनमध्ये त्याला 'डिफेन्सिव्ह' लाव. हल्ल्याच्या दोन आणि बचावाच्या दोन सूचना देता येतात, आणि खूप मुलं त्या कोऱ्याच ठेवतात.

आता डीएमएफ. स्टँडर्ड खेळाडूंच्या यादीत जा, प्लेइंग स्टाइलचा फिल्टर लाव, अँकर मॅन निवड. मग स्टार बघू नकोस, चार गोष्टी बघ: डिफेन्सिव्ह अवेअरनेस, टॅकलिंग, फिजिकल कॉन्टॅक्ट आणि स्टॅमिना. त्याचं शूटिंग कसं आहे याला काही अर्थ नाही. असा माणूस मॅचमध्ये दिसतच नाही, तुझ्या रीप्लेमध्ये येत नाही, आणि त्याच्यामुळे तुझे दोन सीबी जागा सोडत नाहीत. त्याच्या शेजारी तुझा बॉक्स-टू-बॉक्स राहू दे. ऑर्केस्ट्रेटर बेंचवर, मॅच धरून ठेवायची असेल तेव्हा ६५ नंतर उतरव.

अंबडचा एक मुलगा माझ्याकडे रेकॉर्डिंग घेऊन आला होता, नेमकी तुझ्यासारखीच तक्रार. आम्ही ७४ व्या मिनिटाचा गोल थांबवून थांबवून बघितला. समोरच्या एएमएफकडे चेंडू, बॉक्सपासून पंचवीस-तीस यार्ड लांब. याने प्रेशरचं बटण दाबून ठेवलं आणि डावा सीबी त्या एएमएफवर धावून गेला. तो धावला त्याच क्षणी सीबी आणि एलबी (डावा फुलबॅक) यांच्यामध्ये तीन माणसं मावतील एवढी जागा उघडली. थ्रू बॉल तिथे पडला आणि पुढचं सांगायला नको. अंगठा प्रेशरवर होता, चूक तिथे होती. कर्सर (आपण हलवतो त्या खेळाडूवरची खूण) डीएमएफवर आणून त्याला पुढे पाठवायला हवं होतं, आणि सीबीला मॅच-अपच्या बटणावर फक्त समोर ठेवून मागे सरकायला हवं होतं. पण कर्सर बदलून आणायचा तर तिथे डीएमएफ उभा असायला हवा ना! त्या मुलाचा डीएमएफ त्या वेळी समोरच्या बॉक्समध्ये होता. टीमची रचना आणि बोटांची सवय एकमेकांत अशी अडकलेली असते. अँकर मॅन लावलास की तुला बरोबर बचाव करणं सोपं जाईल, आणि हाताला वळण त्यातूनच लागेल.

पुढच्या चौघांबद्दल थोडं. होल प्लेअर राहू दे, चांगला आहे. दोन्ही विंगर प्रॉलिफिक असले तर दोघेही रेषेलगत थांबून चेंडू मागतात आणि गोल पोचर मध्ये एकटा पडतो. एका बाजूला आत येणारा रोमिंग फ्लँक किंवा क्रिएटिव्ह प्लेमेकर लाव. लाँग बॉल काउंटर खेळणार असशील तर सर्वांत वेगवान पुढच्या माणसाला 'काउंटर टार्गेट' दे, म्हणजे तो बचावाला खाली येत नाही, वरच थांबतो आणि दमत नाही. फक्त एकालाच. दोघांना दिलंस तर खाली नऊ जणच उरतील.

यानंतरचा सगळ्यात मोठा फायदा फुकट मिळतो, आणि तो म्हणजे प्रोग्रेशन पॉइंट, खेळाडू सुधारायला मिळणारे गुण. तुझ्या आठही एपिकचे पॉइंट तू आपोआप वाटून टाकलेले दिसतात. तसं करू नकोस. शूटिंग, डिफेन्डिंग अशा एखाद्या वर्गात पहिल्या चार पायऱ्यांना प्रत्येकी एक पॉइंट लागतो, पुढच्या चारला प्रत्येकी दोन, त्यापुढच्या चारला प्रत्येकी तीन. म्हणजे आठव्या पायरीपर्यंत १२ पॉइंट, बाराव्यापर्यंत २४, सोळाव्यापर्यंत ४०. शेवटच्या पायऱ्या फार महाग पडतात. म्हणून एकाच गोष्टीला टोकाला नेण्यापेक्षा कामाच्या तीन-चार वर्गांना आठपर्यंत नेणं जास्त फायद्याचं. कशात काय येतं तेही लक्षात ठेव. लोअर बॉडी स्ट्रेंग्थमध्ये स्पीड, किकिंग पॉवर आणि स्टॅमिना येतात. डेक्स्टेरिटीमध्ये ऑफेन्सिव्ह अवेअरनेस, अ‍ॅक्सलरेशन आणि बॅलन्स. एरियलमध्ये हेडिंग, जंप आणि फिजिकल कॉन्टॅक्ट. तुझा बॉक्स-टू-बॉक्स घे. त्याच्या शूटिंगमध्ये गेलेले पॉइंट लोअर बॉडीला गेले असते तर तो ८५ व्या मिनिटाला परत आला असता. सीबीला डिफेन्डिंग, लोअर बॉडी, एरियल, एवढंच. सीएफला शूटिंगइतकंच डेक्स्टेरिटीला दे, कारण पहिल्या दोन पावलांत सुटला नाही तर त्याचं फिनिशिंग कितीही असो, शॉट घ्यायची वेळच येत नाही. हे केल्यावर कार्डाचा एकूण आकडा कदाचित एकाने खाली येईल. येऊ दे.

बेंच हा तुझ्या ७० व्या मिनिटाच्या दुखण्यावरचा दुसरा उपाय. बेंचवर तू शोभेची कार्डं ठेवली आहेस. तिथे हवेत एक विंगर, एक मिडफिल्डर, एक फुलबॅक आणि एक सीएफ, सगळे ताजे आणि आपापल्या पोझिशनचे. सुपर-सब स्किल असलेला एक तरी पुढचा खेळाडू ठेव, दुसऱ्या हाफला उतरल्यावर तो चढून खेळतो. बदल ६० च्या आसपास कर, गोल खाल्ल्यावर नाही. आणि कॅप्टन्सी स्किल असलेल्यालाच कॅप्टन कर, टीमची दमछाक थोडी कमी होते.

आता कॉइनचं. ज्या पेटीत, म्हणजे पॅकमध्ये, १५० कार्डं आणि त्यात ३ एपिक असतात, एका वेळी दहा काढायला ९०० कॉइन लागतात, तिथला हिशेब करून दाखवतो. दहा कार्डांत तुला हवा असलेला एक ठरावीक खेळाडू निघण्याची शक्यता १५० पैकी १०, म्हणजे पंधरात एक. तिघांपैकी कोणीही एक निघण्याची शक्यता साधारण १९ टक्के. पेटी रिकामी करायची म्हटलं तर १३,५०० कॉइन. ज्याच्या घरून महिन्याला खर्चाचे मोजके पैसे येतात त्याने हा हिशेब कागदावर लिहून बघावा. इव्हेंट, रोजची उद्दिष्टं आणि मोहिमांमधून फुकट कॉइन मिळतात, ते साठव आणि टीममध्ये खरी रिकामी जागा असेल तेव्हाच खर्च कर. तुझ्याकडे पुढे जागाच नाही, तर चौथा स्ट्रायकर कशाला?

अकाउंट विकत घेणं कोनामीच्या नियमांत बसत नाही. शिवाय ज्याच्या आयडीला आणि ईमेलला ते जोडलेलं असतं, तो ते कधीही परत ओढून घेऊ शकतो, आणि मग तुझी दाद लागणार कुठे? चार हजार रुपये गेलेली मुलं मला इथे नाशकातच भेटली आहेत. आणि समजा ते अकाउंट टिकलं, तरी दुसऱ्याच्या बोटांना बसलेली टीम तुझ्या हातात पहिले दोन आठवडे अडखळेल.

नेट आणि फोन. सिडकोतल्या स्लॅबच्या घरांत राउटर पुढच्या खोलीत आणि तू मागच्या खोलीत असशील, तर ५ गीगाहर्ट्झचं वायफाय भिंतीतच मरतं. मॅचच्या वेळी राउटरच्या खोलीत बस, किंवा दोन्ही बाजूंनी पिंग (सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ) बघून मोबाइल डेटावर खेळ, जे स्थिर असेल ते. उन्हाळ्यात चार्जिंगला लावून खेळू नकोस, फोन तापला की फ्रेम पडतात आणि टॅकल अर्धा सेकंद उशिरा लागतो.

स्पर्धेसाठी क्रम असा ठेव. पहिला आठवडा फक्त अँकर मॅन आणि एक थांबणारा फुलबॅक बदलून खेळ, बाकी काहीही हलवू नकोस. एका वेळी पाच गोष्टी बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही. दुसऱ्या आठवड्यात मॅनेजर आणि स्टाइल. मग मित्रांशी फ्रेंडली लाव, आणि त्यातही ज्याचा खेळ तुला सगळ्यात जास्त त्रास देतो त्याच्याशी. नुसते कडेने क्रॉस मारणारा, चेंडू फिरवत बसणारा, पाच डिफेंडर लावून दडणारा, असे तीन तरी वेगळे प्रतिस्पर्धी स्पर्धेआधी भेटले पाहिजेत. दडणाऱ्यासमोर तुझं काउंटर चालणार नाही, तेव्हा ऑर्केस्ट्रेटरला सुरुवातीपासून घे आणि संयम ठेव.

मॅचच्या आधी खेळाडूंच्या कंडिशनचे बाण बघायला विसरू नकोस. बाण खाली असेल तर एपिकलाही बाहेर बसव, वर असलेलं साधं कार्ड त्या दिवशी त्याच्यापेक्षा चांगलं खेळतं. त्यासाठी सीबी, डीएमएफ आणि सीएफ या तीन जागांना तुझ्याकडे तयार केलेले दोन-दोन खेळाडू हवेत. सीबी आणि सीएफचे तुझ्याकडे आहेत. जीपी उरले तर दुसराही अँकर मॅनच घे.